रोस्ट बेट-पालिका, नॉर्वे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोस्ट नेमके कोठे आहे?

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यालगत समुद्रात शिरलेली लोफोटेन द्वीपमाला नकाशावर पाहिली, तर तिच्या दक्षिण टोकाला, शेवटच्या डोंगराळ बेटानंतर बरेच अंतर सोडून, ठिपक्यांचा एक पुंजका दिसतो. तो पुंजका म्हणजे रोस्ट. प्रशासकीय दृष्ट्या ही नूरलान प्रांतातील एक स्वतंत्र पालिका आहे. प्रांताचे मुख्य शहर बोडो हे तिच्यापासून समुद्रमार्गे सुमारे १०० किलोमीटरवर आहे आणि सर्वांत जवळची शेजारी पालिका म्हणजे ईशान्येचे वेरोय बेट. रोस्ट ६७.५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे वसलेले आहे. तेथे वर्षभर राहणाऱ्यांची संख्या सुमारे ५०० आहे आणि पालिकेची एकूण जमीन जेमतेम १० चौरस किलोमीटर भरते.

रोस्टमध्ये ३६५ बेटे आहेत, हे खरे आहे का?

वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक बेट, असे तेथील लोक परंपरेने सांगत आले आहेत. बेट कोणाला म्हणायचे आणि भरतीत बुडणारा खडक कोणाला, यावर मोजणी अवलंबून असल्यामुळे हा आकडा शब्दशः घेऊ नये. शेकडो लहानमोठी बेटे, खडक आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या अरुंद खाड्या असा हा प्रदेश आहे एवढे मात्र निश्चित.

या बेटांचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि रोस्टचे सगळे जीवन या भेदावर उभे आहे. उत्तरेकडचे रोस्टलान हे मुख्य बेट इतके सपाट आहे की त्याचा सर्वांत उंच भागही समुद्रसपाटीपासून दहा-बारा मीटरच्या पलीकडे जात नाही. त्यावर गवत, दलदल, उथळ तळी आणि घरे आहेत. झाडे जवळजवळ नाहीत. नैऋत्येला मात्र वेदोया, स्टूरफियेल यांसारखी खडी बेटे एका रांगेत समुद्रातून वर आलेली आहेत आणि त्यांचे कडे सुमारे अडीचशे मीटर उंचीपर्यंत पोचतात. माणसे सपाट बेटावर राहतात आणि पक्षी कड्यांवर. स्वच्छ हवेत रोस्टलानवरून नैऋत्येला पाहिले की ही डोंगरी बेटे एकामागे एक स्पष्ट दिसतात, आणि त्यांच्याही पलीकडे, रांगेच्या शेवटी, स्कोमवॅरचे दीपगृह आहे.

माणसांनी सपाट बेटच का निवडले? डोंगराचा आडोसा बरा नव्हता का?

वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून लोफोटेनमधील बहुतेक मासेमारी गावे डोंगराच्या पायथ्याशी वसलेली आहेत, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. रोस्टलानवर आडोसा नाही, पण तेथे जनावरांना चरायला गवत आहे, घर बांधायला जागा आहे, उथळ खाड्यांत होड्या सुरक्षित ठेवता येतात, आणि मासळीची क्षेत्रे बेटाच्या चारही बाजूंना जवळ आहेत. शिवाय जो वारा राहणाऱ्याला त्रासदायक वाटतो, तोच मासा सुकवणाऱ्याला हवा असतो. सपाट भूमीवरून अडथळ्याविना वाहणारा, खारट आणि थंड वारा हे रोस्टचे खरे भांडवल आहे, असे मला वाटते.

ध्रुववृत्ताच्या पलीकडे असूनही तेथे कडाक्याची थंडी का नसते?

अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाहाची शाखा नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे वाहते आणि रोस्ट अगदी तिच्या वाटेवर आहे. चारही बाजूंनी न गोठणारे पाणी असल्यामुळे हिवाळ्यातील सर्वांत थंड महिन्यांचीही सरासरी शून्य अंशाच्या आसपास किंवा किंचित वर राहते. याच अक्षांशावरील सायबेरियात किंवा कॅनडात हिवाळ्याची सरासरी शून्याखाली वीस-तीस अंशांपर्यंत जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे मोल कळते. उन्हाळाही अर्थातच थंडच असतो. जुलैची सरासरी दहा-बारा अंशांच्या घरात राहते. हवामानाचा खरा कस लागतो तो वाऱ्यामुळे. हिवाळी वादळांत फेरीबोट आणि विमान दोन्ही बंद पडतात आणि दुकानातील ताजी भाजी संपते, हे तेथील नित्याचे आहे.

मध्यरात्रीचा सूर्य आणि हिवाळ्यातील अंधार यांचे काय?

मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारच्या वेळी तो क्षितिजाला जेमतेम स्पर्श करतो आणि काही दिवस तेवढाही दिसत नाही, मात्र दुपारचा संधिप्रकाश काही तास टिकतो. पूर्ण काळोख असा दिवसभर कधीच नसतो.

तेथील लोक कशावर जगतात?

कॉड या समुद्री माशावर. शेती म्हणावी अशी शेती नाही. मेंढ्या आहेत, पर्यटन थोडे वाढले आहे, पालिकेच्या नोकऱ्या आहेत, पण अर्थव्यवस्थेचा कणा मासेमारी आणि त्याहूनही अधिक मासा सुकवण्याचा धंदा हाच आहे.

येथे ज्या कॉडची गोष्ट आहे त्याला नॉर्वेत स्क्रेय म्हणतात. हा कॉड उत्तरेकडील बॅरेन्ट्स समुद्रात वाढतो आणि साधारण सहा-सात वर्षांचा किंवा त्याहून मोठा होऊन प्रजननक्षम झाला की दरवर्षी हिवाळ्यात शेकडो किलोमीटर पोहत लोफोटेनच्या पाण्यात अंडी घालायला येतो. वरचे थंड पाणी आणि खालचे उष्ण अटलांटिक पाणी यांच्यामधला जो थर असतो, तेथे तापमान चार ते सहा अंशांच्या दरम्यान राहते आणि तोच थर या माशाला मानवतो. जानेवारी ते एप्रिल हा हंगाम. या काळात बंदर होड्यांनी भरून जाते, बाहेरगावच्या नौका येतात, मासळी प्रक्रिया केंद्रांत दिवसरात्र काम चालते आणि हंगामी कामगार, त्यांत पोलंड व लिथुआनियासारख्या देशांतून आलेलेही पुष्कळ, बेटावर दाखल होतात. माशाचे काही वाया जात नाही. गाबोळी खारवतात, यकृताचे तेल काढतात, जीभ वेगळी विकली जाते. कॉडच्या जिभा कापण्याचे काम लोफोटेनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुले करत आली आहेत. मुंडके एका अणकुचीदार सळईवर रोवायचे, धारदार सुरीने जीभ सफाईने कापायची आणि बादलीत टाकायची. त्याचे पैसे मुलाचे स्वतःचे असतात, आणि चपळ मूल हंगामात चांगली कमाई करते.

मासा कसा सुकवतात? त्यात मीठ घालतात का?

मीठ मुळीच घालत नाहीत, आणि हे वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावे, कारण खारवून सुकवलेला कॉड हा वेगळा जिन्नस आहे आणि दोघांची नेहमी गल्लत होते.

मासा बंदरात आला की पोट साफ करून मुंडके कापतात. सारख्या आकाराचे दोन मासे शेपटीपाशी सुतळीने जोडीने बांधतात आणि उंच लाकडी मांडवांच्या आडव्या दांड्यांवर ही जोडी अशी टांगतात की एक मासा दांडीच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला लोंबेल. बोंबील वलांड्यांवर टांगलेले ज्यांनी वेसाव्याला किंवा अर्नाळ्याला पाहिले असतील, त्यांना या मांडवांची रचना चटकन समजेल. फरक हा की बोंबील उन्हात काही दिवसांत सुकतो, तर येथे कॉड फेब्रुवारीपासून मे-जूनपर्यंत थंड वाऱ्यात टांगलेला राहतो.

या काळात तापमान शून्याच्या थोडे वर आणि थोडे खाली खेळत राहावे लागते. कडक गोठण झाली तर माशाच्या मांसातील पाणी बर्फ होऊन तंतू फाटतात आणि मासा भुसभुशीत होतो. ऊब लवकर आली तर माश्या बसतात, अंडी घालतात आणि माल खराब होतो. पाऊस फार लागला आणि वारा पडला तर बुरशी येते. रोस्टमध्ये हिवाळाअखेरीस गोठणबिंदूच्या आसपासचे तापमान, अखंड वारा आणि माश्या नसलेला थंड वसंत या तिन्ही गोष्टी एकत्र येतात, आणि म्हणून मासा सुकवण्यासाठी जगात याहून चांगली जागा शोधणे कठीण आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मासे उतरवून आणखी दोन-तीन महिने हवेशीर कोठारांत ठेवतात. ताज्या माशातील ८० टक्के पाणी घटून १५ टक्क्यांच्या जवळपास राहते, साधारण पाच किलो माशाचा एक किलो सुका मासा होतो, आणि नीट ठेवला तर तो वर्षानुवर्षे टिकतो.

यानंतर येतो पारखी. हे रोस्टमधील सर्वांत मानाचे कौशल्य. पारखी एकेक मासा हातात घेतो, उजेडाकडे धरून पाहतो, पोटाच्या पोकळीचा वास घेतो, पाठ दाबून मांस किती घट्ट आहे हे अजमावतो आणि काही क्षणांत तो वीसएक प्रतींपैकी कोणत्या प्रतीचा हे ठरवून त्या ढिगात टाकतो. लांबी, जाडी, रंग, मानेपाशी राहिलेला रक्ताचा डाग, गोठणीची खूण, सगळे या क्षणभरात पाहिले जाते. प्रतींची अनेक नावे इटालियन आहेत, कारण उत्तम माल परंपरेने इटलीला जातो. लोफोटेनच्या सुक्या कॉडला २०१४ मध्ये युरोपीय संघाची भौगोलिक निर्देशनाची मान्यता मिळाली.

माशांच्या मुंडक्यांचे काय करतात?

तीही दोरीत ओवून मांडवांवर सुकवतात आणि मुख्यतः नायजेरियाला पाठवतात. तेथे ती रश्श्यांना आणि पालेभाज्यांना खोल चव आणण्यासाठी वापरली जातात. नायजेरियात या माशाचा वापर आधीपासूनच होता, पण १९६७ ते १९७० च्या बियाफ्रा युद्धात, म्हणजे नायजेरियातील यादवीत, उपासमारीने ग्रासलेल्या लोकांना मदत म्हणून नॉर्वेहून सुका मासा पाठवला गेला आणि त्या प्रथिनयुक्त, न सडणाऱ्या अन्नाने तेथील स्वयंपाकात आपली जागा पक्की केली. इटलीत जे खपत नाही ते पश्चिम आफ्रिकेत मोलाचे ठरते, आणि या दोन बाजारांमुळेच हा धंदा टिकून आहे.

रोस्टचे नाव इटलीत इतके प्रसिद्ध का आहे? क्वेरिनी कोण होता?

पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा उमराव आणि व्यापारी होता. क्रीट बेट तेव्हा व्हेनिसच्या ताब्यात होते. तेथून तो एप्रिल १४३१ मध्ये माल्व्हासिया मद्य, मसाले आणि इतर माल भरून ६८ माणसांसह फ्लँडर्सकडे (आजच्या बेल्जियमचा भाग) निघाला. अटलांटिकमध्ये वादळांनी जहाजाचे सुकाणू मोडले, शिडे गेली आणि आठवड्यामागून आठवडे वारा त्यांना उत्तरेकडे लोटत राहिला. डिसेंबरमध्ये जहाज सोडून ते दोन होड्यांत बसले. धाकटी होडी त्यातल्या माणसांसह पुन्हा कधीच दिसली नाही. थोरल्या होडीत तहान, थंडी आणि समुद्राचे पाणी प्यायल्याने एकेक माणूस दगावत गेला आणि जानेवारी १४३२ मध्ये उरलेले जेव्हा रोस्टच्या एका निर्मनुष्य बेटावर लागले, तेव्हा ते इतके अशक्त होते की बर्फ खाऊन तहान भागवत होते. शिंपले, गोगलगायी आणि किनाऱ्याला लागलेला एक मोठा मासा यांवर त्यांनी दिवस काढले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक कोळी आपल्या मुलांसह हरवलेल्या वासरांच्या शोधात त्या बेटावर आला आणि त्याला ही माणसे सापडली. अखेरीस जे वाचले ते ११ जण.

रोस्टच्या लोकांनी त्यांना आपापल्या घरी नेले. त्या काळी बेटावर सुमारे १२० माणसे राहत होती. व्हेनिसवाल्यांशी लॅटिनमधून बोलू शकणारा एक जर्मन धर्मोपदेशक तेथे होता, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंची गाठ पडली. पाहुणे मेपर्यंत, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ राहिले. क्वेरिनीने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी पुढे लिहून ठेवलेल्या वृत्तांतांतून पंधराव्या शतकातील उत्तर नॉर्वेच्या साध्या माणसांचे जे चित्र मिळते, तसे दुसरीकडे क्वचितच सापडेल. लाकडाची घरे, छताला धूर जाण्यासाठी भोक, एकाच खोलीत झोपणारी कुटुंबे, दाराला कुलूप नाही, चोरीची भीती नाही, रविवारी सगळे देवळात. माशाचा व्यवहारात पैशासारखा वापर होतो, तो कुऱ्हाडीच्या पाठीने ठेचून लोणी आणि मसाल्यांबरोबर खातात, हेही त्यांनी टिपले आहे. क्वेरिनीने या बेटाला स्वर्गाच्या पहिल्या वर्तुळाची उपमा दिली.

मे महिन्यात मासा घेऊन नॉर्वेतील बर्गन बंदराकडे जाणाऱ्या बेटावरच्याच नौकेतून ते निघाले आणि त्रोंदहाइम, स्वीडन अशा लांबच्या वाटेने पुढे गेले. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये हे वृत्तांत छापले गेले आणि रोस्टचे नाव युरोपात पोचले.

म्हणजे इटलीला सुका कॉड क्वेरिनीनेच नेला का?

व्हेनिसच्या भोवतालच्या व्हेनेतो प्रांतात असे मोठ्या प्रेमाने सांगितले जाते, आणि त्याने वाटेसाठी सुके मासे बरोबर घेतले होते हेही खरे आहे. पण एका माणसाच्या शिध्यामुळे बाजारपेठ उभी राहत नाही. नॉर्वेचा सुका मासा मध्ययुगातच बर्गनमार्गे युरोपभर जात होता. तेथील हान्सा या जर्मन व्यापारी संघाचे ठाणे १३६० च्या सुमारास स्थापन झाले होते. कॅथलिक देशांत उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य आणि मासा चालतो, त्यामुळे समुद्रापासून दूरच्या गावांना न सडणारा मासा हवाच होता, आणि सोळाव्या शतकानंतर ही मागणी आणखी वाढली. क्वेरिनीचे श्रेय हे की त्याने दोन टोकांच्या माणसांना एकमेकांची ओळख करून दिली. ती ओळख आजही जिवंत आहे: विचेंझाजवळील सांद्रिगो या गावाशी रोस्टचे भगिनीगावाचे नाते आहे, तेथे दरवर्षी या माशाचा उत्सव भरतो, आणि २०१२ मध्ये क्वेरिनीच्या कथेवरील ऑपेरा खुद्द रोस्टमध्ये सादर झाला. रोस्टच्या सांडोया बेटावर १९३२ मध्ये, घटनेला पाचशे वर्षे झाली तेव्हा, स्मारकस्तंभ उभारण्यात आला.

रोस्टच्या चर्चमध्ये पाहण्यासारखे काय आहे?

सध्याचे पांढरे लाकडी चर्च विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे आहे आणि त्याच्या आधीच्या, १८३९ च्या दगडी चर्चचे अवशेष जवळच उभे आहेत. मात्र आतील वेदीचित्र (वेदीमागचा कोरीव फलक) त्यांहून कितीतरी जुने, १५२० च्या सुमाराचे, नेदरलँड्समध्ये कोरलेले आहे. याच घडणीची वेदीचित्रे नॉर्वेच्या किनाऱ्यावर पाच ठिकाणी आढळतात. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा दुसरा क्रिस्तियान याची राणी एलिझाबेथ विवाहासाठी येताना समुद्रात वादळात सापडली आणि बचावल्याबद्दल तिने किनाऱ्यावरच्या पाच चर्चना ही वेदीचित्रे दिली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सिद्ध झालेली नाही, पण एवढ्या दूरच्या, झाडही नसलेल्या बेटावर अशी कोरीव वस्तू पाचशे वर्षे जपली गेली, हेच मुळी विलक्षण आहे.

ही स्वतंत्र पालिका कधी झाली आणि ५०० लोकांची पालिका चालते कशी?

एकोणिसाव्या शतकात नॉर्वेत स्थानिक स्वराज्य आले तेव्हा वेरोय आणि रोस्ट यांचा एकच घटक होता. १९२८ मध्ये रोस्ट वेगळे झाले. दोन्ही बेटांच्या मध्ये उघडा समुद्र आहे, हिवाळ्यात सभेला जाणेही जोखमीचे होते, त्यामुळे ही मागणी समजण्यासारखी होती.

नॉर्वेचे तत्त्व असे आहे की पालिका लहान असो वा मोठी, जबाबदाऱ्या सगळ्यांना सारख्याच. ऑस्लोला जे करावे लागते तेच रोस्टलाही: शाळा, बालवाडी, प्राथमिक आरोग्यसेवा, वृद्धांची काळजी, पाणीपुरवठा, नियोजन. परिषद दर चार वर्षांनी निवडली जाते आणि तिच्यातून महापौर निवडला जातो. व्यवहारात याचा अर्थ असा की शेजारीच परिषद सदस्य असतो, मासा विकत घेणारा शाळेच्या समितीवर असतो आणि कोणताही निर्णय चहाच्या टेबलावर समोरासमोर समजावून सांगावा लागतो. दुसरी बाजू अशी की डॉक्टर, शिक्षक किंवा अभियंता यांपैकी एक माणूस निघून गेला तरी सेवा लंगडी पडते. गेल्या दशकात नॉर्वेत पालिकांच्या विलीनीकरणाची मोठी मोहीम झाली आणि २०२० मध्ये पालिकांची संख्या ४२८ वरून ३५६ वर आली. रोस्ट मात्र स्वतंत्र राहिले. माझ्या मते ते योग्यच झाले. समुद्राने वेगळ्या केलेल्या गावाला दूरच्या कार्यालयातून चालवणे कागदावर स्वस्त दिसते, पण वादळात फेरीबोट बंद असते तेव्हा निर्णय घेणारा माणूस बेटावरच असावा लागतो.

मुलांच्या शिक्षणाची सोय काय?

दहावी इयत्तेपर्यंतची शाळा बेटावर आहे. वर्ग लहान असतात आणि वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र शिकतात. पुढील उच्च माध्यमिक शिक्षणासाठी मात्र वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी घर सोडून बोडोला किंवा लोफोटेनमधील मोठ्या गावी राहावे लागते. सरकार त्यासाठी निवासाची आर्थिक मदत देते, तरी आईवडिलांपासून इतक्या लवकर दूर होणे हा तेथील प्रत्येक कुटुंबाच्या आयुष्यातला मोठा टप्पा असतो. ही मुले परत येतात की नाही, यावर रोस्टचे भवितव्य ठरते. मासेमारीत चांगले दिवस असले की तरुण स्वतःची होडी घेऊन परततात. मासेमारीचा कोटा, म्हणजे वर्षाला किती मासा पकडता येईल याची मर्यादा, घटला की परतणाऱ्यांची संख्याही घटते.

कोळ्यांना माशाचा योग्य भाव मिळतो का?

पूर्वी लोफोटेनमध्ये गावाचा मालक असलेला व्यापारीच घर, दोर, जाळी आणि धान्य उधार देत असे आणि मासाही तोच घेत असे, त्यामुळे कोळी कर्जात अडकून राहत. १९३८ मध्ये कायद्याने मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्री संघटनेला पहिल्या विक्रीचा किमान भाव ठरवण्याचा अधिकार मिळाला. आजही ही व्यवस्था चालू आहे, आणि किनाऱ्यावरच्या लहान गावांत स्वाभिमान टिकला तो या कायद्यामुळे, हे निःसंकोच म्हणता येईल.

रोस्टच्या पफिन पक्ष्यांबद्दल काळजी का व्यक्त होते?

काळजीचे कारण अत्यंत गंभीर आहे आणि ते सविस्तर सांगितले पाहिजे. नैऋत्येकडील डोंगरी बेटांवरच्या गवताळ उतारांत पफिन हे समुद्रपक्षी बिळे करून राहतात. १९७९ मध्ये येथे सुमारे १४ लाख जोड्या होत्या. युरोपातील सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी ही एक होती. पुढे ही संख्या घसरत जाऊन तीन लाखांच्या आसपास आली.

पफिनची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, पण पक्षी तीस-चाळीस वर्षेही जगू शकतो. त्यामुळे काही वर्षे पिले जगली नाहीत तरी मोठे पक्षी दरवर्षी परत येताना दिसतात आणि पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. प्रत्यक्षात वसाहत म्हातारी होत असते. पिलाला भरवण्यासाठी पफिनला मुख्यतः हेरिंग या माशाची इवली पिले लागतात. हेरिंग दक्षिणेकडे किनाऱ्यालगत अंडी घालतो आणि त्याची पिले प्रवाहाबरोबर वाहत उन्हाळ्याच्या सुरुवातीला नेमकी रोस्टजवळून जातात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बेसुमार मासेमारीमुळे नॉर्वेचा हेरिंग जवळजवळ संपला आणि पुढची अनेक वर्षे रोस्टवरची पफिनची पिले बिळातच उपाशी मेली. १९८० च्या दशकात हेरिंग सावरल्यावर काही चांगले हंगाम आले, पण २००७ पासून पुन्हा बहुतेक वर्षी पिले जगली नाहीत, कारण पुरेशा आकाराची हेरिंगची पिले योग्य वेळी तेथे पोचत नाहीत. समुद्राचे वाढते तापमान यात कितपत कारणीभूत आहे, यावर संशोधन सुरू आहे. येथील पक्ष्यांचे निरीक्षण १९६४ पासून अखंड चालू असल्यामुळे हा ऱ्हास वर्षागणिक नोंदवला गेला आहे. वेदोयाच्या कड्यावर एकेकाळी हजारो किटीवेक (एक प्रकारचे कुरव पक्षी) घरटी करत. तो कडा आता रिकामा झाला आहे.

पूर्वी रोस्टचे लोक पफिन पकडून खात, अंडी गोळा करत, पिसे विकत. शेजारच्या वेरोयवर तर बिळातून पफिन काढणारी सहा बोटांची खास कुत्र्याची जात पाळली जाई. आज पफिन नॉर्वेच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे.

समुद्राखालचे प्रवाळ म्हणजे काय प्रकार आहे?

प्रवाळ म्हटले की उष्ण, उथळ आणि उजेडाचा समुद्र आठवतो. रोस्टच्या पश्चिमेला मात्र तीनशे ते चारशे मीटर खोल, काळोख्या आणि थंड पाण्यात २००२ मध्ये प्रवाळांची प्रचंड भिंत सापडली. ती सुमारे ४० किलोमीटर लांब आणि जवळपास ३ किलोमीटर रुंद असून थंड पाण्यातील ज्ञात प्रवाळभिंतींत सर्वांत मोठ्या गणल्या जातात त्यांत तिची गणना होते. पुढच्याच वर्षी तेथे तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर बंदी आली. लोफोटेनच्या समुद्रात खनिज तेल काढावे की नाही हा नॉर्वेतील राजकारणाचा दीर्घकाळ गाजलेला वाद आहे, आणि आजवर तेथे तेलाचे उत्पादन सुरू झालेले नाही.

उतरोस्ट कोठे आहे?

लोककथेत. रोस्टच्याही पश्चिमेला, समुद्राखाली, हिरव्यागार शेतांचे एक सुखी बेट आहे आणि वादळात सापडलेल्या प्रामाणिक कोळ्यालाच ते वर आलेले दिसते, असे सांगतात. तेथील लोक पाणकावळ्यांचे रूप घेऊन फिरतात. पालिकेच्या मानचिन्हावर जे तीन काळे पाणकावळे आहेत ते याच कथेतून आलेले. ज्या घरांतील माणसे दर हिवाळ्याला समुद्रात जात आणि काही परत येत नसत, त्या घरांत ही कथा सांगितली गेली आहे.

स्कोमवॅर दीपगृहावर कोणी राहते का?

हे दीपगृह १८८७ मध्ये उभे राहिले आणि १९७८ मध्ये स्वयंचलित झाले, त्यामुळे रखवालदार आता नाहीत. चित्रकार थियोडोर किटेलसन १८८७ ते १८८९ या काळात बहीण आणि दीपगृहावर काम करणाऱ्या मेहुण्याकडे येथे राहिला. समुद्रातील पिशाचे आणि वादळी आकाश यांची जी चित्रे त्याच्या नावाशी जोडलेली आहेत, त्यांमागे या वास्तव्याचा मोठा वाटा आहे.

कॉडच्या कोट्याचा रोस्टवर काय परिणाम होत आहे?

बॅरेन्ट्स समुद्रातील कॉडचा वार्षिक कोटा नॉर्वे आणि रशिया मिळून ठरवतात. २०२१ मध्ये तो ८,८५,६०० टन होता. २०२५ साठी तो ३,४०,००० टनांवर आणला गेला, जो १९९१ नंतरचा सर्वांत कमी होता. साठा घटल्यामुळे ही कपात आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु जेथे दुसरा उद्योगच नाही तेथे याचा अर्थ कमी मासा, रिकामे मांडव आणि कमी हंगामी काम असा होतो. भाव चढल्यामुळे होडीवाल्याचे नुकसान काही अंशी भरून निघते, पण मासा विकत घेऊन सुकवणाऱ्याला महाग कच्चा माल घ्यावा लागतो आणि तो विकला जातो तो दीड वर्षानंतर. लहान किनारी होड्यांना कोट्यातला वाटा किती मिळावा, हा प्रश्न म्हणूनच रोस्टमध्ये प्रत्येक निवडणुकीत निघतो.

रोस्टला जायचे कसे आणि केव्हा?

बोडोहून फेरीबोट जाते आणि लहान विमानेही जातात. विमानतळ १९८६ मध्ये सुरू झाला असून धावपट्टी आखूड आहे. परतीच्या प्रवासात एक-दोन दिवस हाताशी ठेवावेत, कारण वाऱ्यापुढे वेळापत्रकाचे चालत नाही. बेट सपाट असल्याने सायकल पुरेशी आहे. मांडव भरलेले पाहायचे असतील तर मार्च किंवा एप्रिल, पक्षी आणि मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा असेल तर जून योग्य. पक्षी बेटांकडे उन्हाळ्यात स्थानिक होड्या नेतात, परंतु राखीव बेटांवर विणीच्या काळात उतरण्यास मनाई आहे आणि ती पाळलीच पाहिजे. बिळावर पडलेले एक पाऊल आतल्या एकुलत्या एका पिलाला पुरते. मांडवांखाली फिरायला हरकत नाही, पण मासा कोणाच्या तरी वर्षाच्या कमाईचा आहे, त्याला हात लावण्याआधी मालकाला विचारावे. बहुतेक वेळा तो स्वतःच एक मासा उतरवून, कुऱ्हाडीच्या पाठीने ठेचून, लोणी लावून चाखायला देतो.